उपचारापूर्वीची मंजुरी : कुटुंबांनी काय जाणावे?

दुखणे सांगून येत नाही, आणि खर्च त्याच्या पाठोपाठ दारात उभा राहतो. त्यासाठी शासनाच्या योजना आहेत. परंतु त्यांची रीत ठाऊक नसल्याने पेडणे-डिचोलीकडील माणूस ऐनवेळी गोंधळतो. म्हणून हे चार शब्द.

गोवा शासनाने 2016 साली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना सुरू केली. गोव्यात 5 वर्षे वास्तव्य असलेल्या कुटुंबासाठी ती आहे. आरंभीच्या नियमांप्रमाणे तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबास वर्षाला अडीच लाखांचे, त्याहून मोठ्या कुटुंबास 4 लाखांचे संरक्षण ठरले. केंद्राची आयुष्मान भारत योजना 2018 ची; तीत पात्र कुटुंबास वर्षाला 5 लाख मिळतात. 2024 पासून 70 वर्षे पूर्ण झालेल्या वडीलधाऱ्यांना तीत उत्पन्नाची अट नाही.

आता पूर्वमंजुरी म्हणजे काय? उपचारापूर्वी इस्पितळ रोग्याचे कागद योजनेकडे पाठविते. कार्ड चालू आहे का, तो उपचार यादीत बसतो का आणि रक्कम शिल्लक आहे का, हे तेथे पाहिले जाते. अनावश्यक शस्त्रक्रियांवर जनतेचा पैसा जाऊ नये, हा हेतू योग्यच होय. मात्र कागद अपुरा असला की खोळंबा रोग्याचाच होतो. खाजगी विम्यास तर 2024 साली विमा नियामकाने बंधनच घातले : रोखीविना उपचारांच्या विनंतीवर 1 तासात निर्णय, आणि घरी सोडताना 3 तासांत अंतिम मंजुरी. त्याहून उशीर झाल्यास इस्पितळाचा वाढीव खर्च कंपनीने सोसावयाचा. दावा अन्यायाने नाकारला तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

औषधांविषयी मात्र गैरसमज फार. या योजनांचा भर इस्पितळातील उपचारांवर आहे. आयुष्मान भारतमध्ये घरी गेल्यावरही 15 दिवसांची औषधे धरली जातात. मधुमेहाची वा रक्तदाबाची जन्मभराची गोळी त्यांत येत नाही; तिच्यासाठी सरकारी आरोग्यकेंद्र किंवा स्वस्त जनऔषधी दुकान गाठावे.

सारांश, कार्डाचे नूतनीकरण वेळेवर करावे, जुने तपासणी-कागद एका पिशवीत जपावेत, आणि नकार आल्यास तो लेखी मागून घ्यावा. ज्या घरी वाचणारे कोणी नाही, तेथे आपल्या न्यासाच्या तरुणांनी ही पिशवी लावून द्यावी. देणगीइतकेच ते मोलाचे सेवाकार्य ठरेल.