शीत कोणत्या भांड्यातलं?

२८ मे जवळ आला की आमच्या भागात २०१८ ची पोटनिवडणूक आठवते. खासदार नाना पटोले यांच्या राजीनाम्यामुळे ती लागली होती. ऐन उन्हाळा, तेंदूपत्त्याचा हंगाम, आणि सकाळपासूनच व्हीव्हीपॅट यंत्रं धडाधड बंद पडू लागली. शेवटी ३० मे रोजी भंडारा-गोंदिया मतदारसंघातल्या ४९ केंद्रांवर फेरमतदान झालं. बंद पडलेलं यंत्र सगळ्यांना दिसतं. चालू राहून चुकणारं कसं पकडायचं, हे तेव्हा आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावातही लोक विचारत होते. आता कुणी विचारत नाही.

केरळातल्या परावूरमध्ये १९८२ साली मतदान यंत्र पहिल्यांदा वापरलं गेलं, २००४ मध्ये लोकसभेसाठी ते देशभर पोचलं. या काळात ताडून बघायला कागदच नव्हता. तो व्हीव्हीपॅटमधून आला २०१३ मध्ये, नागालँडच्या नोकसेनमध्ये. काचेआड सात सेकंद चिठ्ठी दिसते आणि खालच्या पेटीत पडते. त्या चिठ्ठ्या हातानं मोजून यंत्राच्या आकड्याशी जुळवायच्या. पण किती यंत्रांच्या? आधी विधानसभा क्षेत्रामागे एक. विरोधी पक्षांनी निम्म्यांची मागणी केली, तेव्हा ८ एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पाच केली.

त्या वर्षी भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अहवालातला ४७९ हा आकडा गाजला. राजीव करंदीकरांसारखे नामवंत गणिती त्या समितीत होते आणि त्यांचं गणित बिनचूक आहे. देशभरातल्या दहा लाखांवर यंत्रांपैकी दोन टक्के सदोष असतील, तर चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ४७९ मध्ये एक तरी सापडण्याची शक्यता ९९.९९ टक्क्यांहून जास्त. हाच आकडा टीव्हीवर मिरवत ज्यांनी शंका घेणाऱ्यांना अडाणी ठरवलं, त्यांच्यावर माझा राग आजही आहे. निकाल काही अख्ख्या देशाचा एकच लागत नाही, तो एकेका मतदारसंघाचा लागतो. आम्ही धान पिकवणारे लोक, शितावरून भाताची परीक्षा आम्हाला मान्य आहे. पण शीत त्याच भांड्यातलं हवं.

एका विधानसभा क्षेत्रात ३०० यंत्रं धरा, त्यातली सहा सदोष. पाच उचलली तर त्यात एकही सदोष न येण्याची शक्यता तब्बल ९० टक्के! ९९ टक्के खात्री हवी तर १६० यंत्रं तपासावी लागतात. शिवाय विजयातला मतांचा फरक किती, हेही बघायला हवं. २०२४ च्या लोकसभेला आमच्याकडे प्रशांत पडोळे ३७ हजारांहून अधिक मतांनी जिंकले, मुंबई वायव्यमध्ये रवींद्र वायकर अवघ्या ४८ मतांनी. विधानसभा क्षेत्रामागे तपासणी दोन्हीकडे पाचच यंत्रांची! बर्कलीचे संख्याशास्त्रज्ञ फिलिप स्टार्क यांनी सुचवलेल्या पद्धतीत निकाल जितका चुरशीचा तितके जास्त कागद तपासतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडोनं २०१७ मध्ये ती राज्यभर लागू केली.

आपल्याकडे हा मधला रस्ताच पुसला गेला. एका बाजूला मारकडवाडीच्या गावकऱ्यांनी दिली तशी मतपत्रिकेची हाक, दुसऱ्या बाजूला सरसकट विश्वास. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली गेली, पाचाचा आकडा तसाच राहिला. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रांची तपासणी सात दिवसांत मागता येते, तीही स्वखर्चानं. रांगेत उभं राहून मत देणाऱ्याला मात्र ती मागता येत नाही.