घरगुती पाणबुडी, लेखांक ४ : पत्रा, शिसे आणि श्वास

घरी बांधलेली पाणबुडी सहजासहजी बुडत नाही. ६० सेंटिमीटर व्यासाचे, अडीच मीटर लांबीचे नळकांडे पूर्ण पाण्याखाली गेले की सुमारे ७०७ किलो पाणी बाजूला सारते. तेच नळकांडे ६ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे केले, तर त्याचे वजन भरते जेमतेम अडीचशे किलो. चालक, बॅटऱ्या, मोटर असे सगळे आत घातले तरी अडीचशे-तीनशे किलो कमीच पडतात. ही तूट शिशाने भरून काढावी लागते. शिसे तळाशीच बसवायचे, म्हणजे पाणबुडी कलंडत नाही.

या शिशाचा थोडा भाग आतूनच सोडून देता आला पाहिजे. १७७५ साली अमेरिकेत डेव्हिड बुशनेलने बांधलेल्या 'टर्टल' या एकट्याच्या लाकडी पाणबुडीतही ही सोय होती. संकट आले तर चालक आत बसूनच २०० पौंड शिसे मोकळे करू शकत असे. अडीचशे वर्षांत यापेक्षा स्वस्त आणि भरवशाचा उपाय सापडलेला नाही. पंप बंद पडेल, हवेची बाटली रिकामी होईल, पण वजन सुटले की पाणबुडी वर येतेच.

आता पत्रा. पोलाद दाबाने चिरडण्याच्या कितीतरी आधी नळकांड्याची गोलाई बिघडते आणि ते एका बाजूने आत बसते. यामागचे गणित फार कठोर आहे : जाडी दुप्पट केली की ताकद आठपट होते, निम्मी केली की एक-अष्टमांशावर येते. ६० सेंटिमीटर व्यासाचे लांब पोलादी नळकांडे ३ मिलिमीटर पत्र्याचे असेल, तर हिशेबाने साडेपाच मीटर खोलीवरच दबते. ६ मिलिमीटरचे सुमारे ४४ मीटरपर्यंत टिकते. तेही नळकांडे अगदी गोल असेल तर. वेल्डिंगच्या उष्णतेने ते जरा अंडाकृती झाले, की हे आकडे झपाट्याने खाली येतात. म्हणून ठरावीक अंतरावर पोलादी कड्या बसवतात. त्यांचे काम एकच, गोलाई राखणे.

२०१३ साली न्यू जर्सीतल्या एका अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने ड्रेनेजचा पन्हळी प्लॅस्टिक पाइप घेऊन सुमारे २००० डॉलरमध्ये एकट्याची पाणबुडी बांधली, ती ३० फुटांपर्यंत जाण्यासाठी. निवड हुशारीची होती, कारण पाइपच्या पन्हळीच कड्यांचे काम करतात. त्याउलट निवृत्त नौदल अधिकारी जॉर्ज किटरेज यांच्या पोलादी 'के-२५०'चे लक्ष्य होते २५० फूट. खर्च ठरतो तो असा, खोलीवरून. हौशी माणसाने दहा मीटरवर समाधान मानले, तर भंगारातल्या बऱ्याच वस्तू चालून जातात. पाण्याचा दाब झेलणारा भाग मात्र भंगारातला कधीही नको.

हवेचा प्रश्न वेगळा. आतल्या पाचशे लिटर हवेत शांत बसलेला माणूस तासाभरात वीसेक लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्याचे प्रमाण तीन टक्क्यांवर गेले की डोके दुखते, धाप लागते, निर्णय चुकू लागतात. त्या वेळी प्राणवायू पुरेसा असतो. ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देण्याच्या यंत्रात कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारे सोडा लाइमचे दाणे असतात. तेच दाणे भरलेला डबा आणि त्यातून हवा खेळवणारा छोटा पंखा इथेही हे काम करतो.

शेवटी झाकण, पाणबुडी खाली अडकलीच तर बाहेर पडण्याची वाट. दहा मीटर खोलीवर ५० सेंटिमीटरच्या झाकणावर जवळजवळ दोन टन भार असतो. ते हाताने उघडण्याचा प्रश्नच नाही. आधी आत पाणी घ्यावे लागते, आणि आतला दाब बाहेरच्याइतका होईपर्यंत जवळपास निम्मी पाणबुडी भरते. त्या दाबाची हवा छातीत घेऊन वर येताना श्वास सतत सोडत राहावा लागतो. रोखला तर फुप्फुसे फाटतात. हा सराव प्रशिक्षित पाणबुड्याच्या देखरेखीखालीच करायचा, आणि पाणबुडी पाण्यात उतरवण्याच्या आधी.

पुढच्या लेखांकात : मोटर आणि बॅटऱ्या.