पोटातील सार्कोमा : शस्त्रक्रियेनंतरचे किरणोपचार आणि त्यांचे दुष्परिणाम

स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या यांसारख्या मृदू ऊतींत उद्भवणाऱ्या कर्करोगास सार्कोमा म्हणतात. पोटाच्या मागील भागात, मूत्रपिंडाच्या परिसरात होणारी ही गाठ बरीच मोठी होईपर्यंत सहसा त्रास देत नाही. शस्त्रक्रियेने गाठ संपूर्ण काढणे हाच तिच्यावरील मुख्य उपचार होय. कर्कपेशी मागे राहिल्याची शंका असल्यास काही निवडक रुग्णांना त्यानंतर किरणोपचार, म्हणजेच रेडिओथेरपी, दिले जातात.

हा निर्णय सोपा नसतो. गाठ काढल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत लहान आतडे उतरते व अनेकदा तेथेच चिकटते. एरवी सतत हलणाऱ्या आतड्याचे तेच वेटोळे मग रोज किरणांच्या मार्गात येते. लहान आतड्याची सहनशक्ती साधारणतः ४५ ते ५० ग्रे मात्रेपर्यंतच असते. उरलेल्या कर्कपेशींच्या नाशास बहुधा याहून अधिक मात्रा लागते. शस्त्रक्रियेपूर्वी किरण देण्याच्या पद्धतीचा २६६ रुग्णांवर झालेला 'स्ट्रास' हा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यातही सर्व रुग्णांचा एकत्रित विचार करता स्पष्ट लाभ आढळला नाही. म्हणूनच आज हे उपचार सरसकट दिले जात नाहीत.

दुष्परिणाम दोन टप्प्यांत दिसतात. पहिला टप्पा उपचार चालू असतानाचा : थकवा, मळमळ, भूक मंदावणे, पोटात कळा, जुलाब, त्वचा लाल होणे. औषधे, पुरेसे पाणी व पचण्यास हलका आहार यांनी ही लक्षणे आटोक्यात राहतात आणि उपचार संपल्यावर बहुतांशी काही आठवड्यांत ओसरतात. त्यांना घाबरून उपचार परस्पर मध्येच थांबवू नयेत. बाहेरून किरण घेतलेल्या रुग्णाच्या शरीरात किरणोत्सर्ग शिल्लक राहत नाही. घरातील लहान मुलांनी त्याच्याजवळ जाण्यास कोणतीच हरकत नाही.

दुसरा टप्पा अधिक फसवा असतो. तो काही महिन्यांनी, क्वचित अनेक वर्षांनी, रुग्ण बरा झाला असे सर्वांना वाटत असताना येतो. आतड्याचा भाग अरुंद होऊन अडथळा निर्माण होणे, शौचावाटे रक्त जाणे, अन्नरस व ब-१२ जीवनसत्त्व नीट शोषले न जाणे, मूत्रपिंडाचे कार्य मंदावणे हे त्याचे प्रकार होत. गाठीबरोबर एक मूत्रपिंड काढावे लागले असल्यास उरलेल्याची काळजी विशेष महत्त्वाची ठरते.

नातेवाइकांना विनंती अशी की, किरणांची मात्रा व जागा नोंदलेले कागद जन्मभर जपून ठेवावेत आणि पुढे कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना दाखवावेत. पोट फुगणे, वारंवार उलट्या, शौच व वायू सरणे बंद होणे अशी लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

देणगीदार व विश्वस्तांनीही एक बाब ध्यानात घ्यावी. किरणयंत्र बंद झाले म्हणजे रुग्णाचा खर्च संपला असे होत नाही. पुढील अनेक वर्षांच्या तपासण्या, औषधे आणि गावाहून येण्याजाण्याचे भाडे यांसाठी दिलेला हातभार हा त्याच उपचाराचा भाग होय.