‘नाइस’ : एका विशेषणाचा भाग्योदय

आपल्या घरातील शाळकरी मुलाला ‘नाइस’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारून पाहा. ‘छान’ असे उत्तर तो तत्काळ देईल, आणि ते चूकही नाही. परंतु तेवढ्यावरच विसंबून राहिल्यास एखादे वेळी फजिती होते.

भाषांतराच्या कामात मी नवखा असताना माझी तशी फजिती झाली होती. एका इंग्रजी लेखात न्यायालयापुढील मुद्द्याला ‘नाइस’ हे विशेषण लावलेले होते. ‘कायद्याचा छान मुद्दा’ असे लिहून मी मोकळा झालो. मजकूर छापखान्यात जाण्यापूर्वी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो वाचला आणि काही न बोलता कोश माझ्यापुढे सरकवला. मुद्दा छान नव्हता, तो अतिशय सूक्ष्म होता. निर्णय देताना फार बारीक भेद करावा लागेल, असे लेखकाला म्हणावयाचे होते. माझ्या एका शब्दाने वाक्याचा सारा अर्थच हरवला होता.

या शब्दाचे कूळ मोठे मौजेचे आहे. लॅटिन भाषेत ‘ने’ म्हणजे नाही व ‘स्कीरे’ म्हणजे जाणणे. त्यांपासून ‘अज्ञ’ या अर्थाचा शब्द झाला. ‘सायन्स’ हा शब्दही याच ‘जाणण्या’तून निघाला, हे विशेष! जुन्या फ्रेंच भाषेतून ‘नाइस’ इ. स. १३०० च्या सुमारास इंग्रजीत आला, तो ‘मूर्ख’ हा अर्थ घेऊन. पुढे त्याला नाजूक, चोखंदळ, काटेकोर असे अर्थ येत गेले. डॉ. जॉन्सन यांच्या १७५५ च्या प्रसिद्ध इंग्रजी कोशातही अचूकपणाच्या अर्थालाच मान आहे. ‘सुखद’ हा आजचा अर्थ रूढ झाला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात.

वाचकहो, अशी स्थित्यंतरे आपल्यालाही अपरिचित नाहीत. ‘मूढ’ आणि ‘मुग्ध’ हे दोन्ही शब्द ‘मुह्’ या एकाच संस्कृत धातूचे. त्यांपैकी मूढ मूर्खच राहिला; मुग्ध मात्र भांबावलेला, मग भोळा आणि शेवटी मोहक झाला.

नवा अर्थ इतका लोकप्रिय झाला, की त्याचा अतिरेक होऊ लागला. जेन ऑस्टिन यांच्या, १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘नॉर्थँगर ॲबी’ या कादंबरीतील नायक याच सवयीवरून नायिकेची थट्टा करतो. पुस्तक, दिवस, फेरफटका, सारेच ‘नाइस’ कसे, असा त्याचा रोख आहे.

आज या शब्दाचे मराठी करताना संदर्भ पाहावा. माणसाविषयी तो आला, तर मनमिळाऊ किंवा सज्जन. हवेविषयी आला, तर आल्हाददायक. भेदाविषयी आला, तर सूक्ष्म. ‘नाइस अँड वॉर्म’ म्हणजे छान आणि उबदार अशा दोन गोष्टी नव्हेत, तर हवीहवीशी ऊब. आणि काम बिघडवणाऱ्याला उद्देशून कोणी ‘नाइस’ म्हणाले, तर तो उपरोध समजावा.

ही थट्टा आपल्यालाही लागू पडते. आता मराठी घरांतूनही ‘नाइस’ सर्रास ऐकू येतो, आणि तो टाळला तरी ‘छान’ त्याच्या जागी येऊन बसतो. वास्तविक आपल्याकडे आमटी रुचकर असते, चहा फक्कड असतो, अक्षर वळणदार असते आणि गळा गोड असतो. मुलीने काढलेले चित्र पाहून ‘छान’ म्हणण्यास क्षणही लागत नाही. पण ‘झाडाची सावली किती हुबेहूब काढलीस!’ असे म्हणण्यासाठी ते चित्र नीट पाहावे लागते. तिलाही आपण ते खरोखर पाहिले, हे कळते. आज संध्याकाळी एकदा असे करून पाहा.