वेढ्यातले खरेदीखत
संकटकाळातील संदेष्टे : लेखांक पाचवा

गेल्या लेखांकाच्या अखेरीस आपण यहूदाचा राजा यहोयाकीम याच्या हिवाळी महालात होतो. संदेष्टा यिर्मया याच्या वचनांच्या पटाचे तीन-चार स्तंभ वाचून झाले की राजा ते चाकूने कापून समोरच्या शेगडीत टाकीत होता, आणि गमर्याप्रभृती काही कारभारी त्याला परावृत्त करण्याचा निष्फळ प्रयत्न करीत होते. पट जळाला, यिर्मयाने आपला चिटणीस बारूख याजकडून दुसरा लिहवून घेतला आणि त्यात पूर्वीपेक्षा अधिक मजकूर घातला. त्यानंतरची सतरा-एक वर्षे मी आज बरीचशी झपाट्याने ओलांडणार आहे, कारण मला वाचकांना जेथे न्यावयाचे आहे ते स्थळ म्हणजे वेढ्यात सापडलेल्या यरुशलेमेतील एका पहाऱ्याचे आवार होय, आणि तेथे घडलेली घटना म्हणजे एका साध्या जमिनीची खरेदी.

इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतले; बाबेलच्या इतिवृत्ताच्या मृत्तिकापट्टिकेवर त्याची नोंद आजही वाचता येते. तरुण राजा यहोयाखीन, त्याची आई, सरदार, लोहार, कारागीर असे राज्याचे कर्ते हात बाबेलला नेण्यात आले, आणि त्याचा चुलता सिद्कीया यास मांडलिक म्हणून गादीवर बसविण्यात आले. सिद्कीया दुष्ट नव्हता, दुबळा होता. तथापि दुबळ्या धन्याच्या अमलात सत्य बोलणाराचे हाल दुष्टाच्या अमलातल्यापेक्षा कमी होतात असे मुळीच नाही.

या सिद्कीयाच्या चौथ्या वर्षी हनन्या नामक दुसऱ्या एका संदेष्ट्याने मंदिरात, भरल्या लोकांत, अशी ग्वाही दिली की दोन वर्षांच्या आत बाबेलची सत्ता मोडेल, नेलेली पात्रे परत येतील आणि कैदी घरी येतील. यिर्मया तेव्हा मानेवर लाकडी जू घालून हिंडत असे, बाबेलच्या ताबेदारीचे प्रत्यक्ष चिन्ह म्हणून. हनन्याचे बोलणे ऐकून त्याच्या तोंडून निघालेला पहिला शब्द ‘आमेन’ हा होता, आणि तो उपरोधाने उच्चारला गेला असे मानण्याचे मला तरी कारण दिसत नाही. त्यालाही मनापासून तसेच व्हावयास हवे होते. पुढे हनन्याने ते जू त्याच्या मानेवरून काढून मोडले तेव्हाही तो हुज्जत न घालता निघून गेला, आणि लाकडाच्या जागी लोखंडाचे जू येईल हा निरोप घेऊन मागाहून परतला.

बाबेलात पोचलेल्या कैद्यांना त्याने जे पत्र पाठविले त्यात मुदत सांगितली ती सत्तर वर्षांची. घरे बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हांस नेले आहे त्याचे कुशल चिंता, असा त्या पत्राचा आशय आहे. ऐन तिशीत देशोधडीला लागलेल्या मनुष्याने ‘सत्तर’ हा आकडा ऐकताच ओळखले असेल की परतीचा प्रवास आपल्या वाट्याचा नव्हे. असे पत्र लिहिणे निर्दयपणाचे वाटते खरे. परंतु दोन वर्षांच्या भरवशावर गाठोडे बांधून दाराशी बसलेल्या माणसाच्या हातून ना घर उभे राहते ना बाग लागते, आणि दोन वर्षे उलटल्यावर त्याच्याजवळ उरते ते केवळ गाठोडे. हनन्याची आशा लोकप्रिय होती. यिर्मयाची आशा राहण्याजोगी होती.

मिसरच्या मदतीच्या भरवशावर सिद्कीयाने बंड केले आणि ५८८ च्या सुमारास बाबेलची फौज पुन्हा यरुशलेमेसमोर येऊन ठेपली. एकेक गढी पडत गेली. लाखीश येथे १९३५ साली उत्खननात सापडलेल्या खापरांवरील पत्रांपैकी एकात कोणी अंमलदार आपल्या वरिष्ठास कळवितो की आम्ही लाखीशच्या अग्निसंकेतांकडे डोळे लावून आहोत, कारण अजेका दिसत नाही. आणि यिर्मयाच्या ग्रंथातही तटबंदीच्या नगरांपैकी लाखीश व अजेका एवढीच उरल्याची नोंद आहे. मध्यंतरी मिसरी फौजेच्या वार्तेने वेढा काही काळ उठला, तेव्हा आपल्या गावाकडील वाटणीच्या कामासाठी बाहेर पडणाऱ्या यिर्मयाला बन्यामीन वेशीवर फितुरीच्या आरोपाखाली पकडण्यात आले. आधी अंधारकोठडी, आणि राजाजवळ रदबदली केल्यावर पहाऱ्याच्या आवारात नजरकैद, शिवाय शहरात पीठ शिल्लक असेतो रोज एक भाकर.

अशा स्थितीत त्याचा चुलतभाऊ हनामेल तेथे येतो आणि म्हणतो की अनाथोथचे माझे शेत तू विकत घे. विकाऊ जमीन परक्याच्या हाती जाण्याआधी जवळच्या भाऊबंदाने ती सोडवून घ्यावी, हा त्या समाजाचा कायदा. अनाथोथ यरुशलेमेच्या ईशान्येस अवघ्या दीड-दोन कोसांवर, म्हणजे ती जमीन शत्रूच्या छावणीखाली गेलेली असणार. आणि हे तेच गाव, जेथल्या लोकांनी पूर्वी यिर्मयाच्या जिवावर उठण्याचा कट केला होता. त्याला बायकामुले नव्हती, सबब वारसाचाही प्रश्न नव्हता. व्यवहार म्हणून पाहता याहून वेडगळ सौदा सुचणे कठीण. यिर्मयाने तो केला, कारण हनामेल येईल हे परमेश्वराने त्याला आधीच कळविले होते आणि तो खरोखरच आला.

केला तो कसा, हे पाहण्यासारखे आहे. त्याने सतरा शेकेल रुपे तोलून दिले. यहूदात तेव्हा नाणी नव्हती, तराजूत घालून द्यावयाचे रुपे होते. शेकेल म्हणजे जवळजवळ आपला तोळा, तेव्हा किंमत सोळा-सतरा तोळ्यांची झाली. खत लिहिले, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, आवारात बसलेल्या सर्वांच्या देखत एक मोहोरबंद व एक उघडी अशा दोन्ही प्रती बारूखाच्या स्वाधीन केल्या, आणि त्या पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या भांड्यात ठेवण्यास सांगितले. बंद प्रत तंटा उपस्थित झाल्यास फोडावयाची, उघडी रोजच्या पाहण्यासाठी. दुहेरी दस्तऐवजाची ही रीत इतकी चिवट की यिर्मयानंतर सुमारे सात शतकांनी बाबथा नावाच्या एका यहुदी स्त्रीने मृत समुद्राकाठच्या गुहेत जपून ठेवलेल्या कागदपत्रांतही ती आढळते. यिर्मयाला ‘रडवा संदेष्टा’ म्हणून मोकळे होणारांनी हा भाग पुन्हा एकदा वाचावा. रडणारा मनुष्य होता हे खरे. परंतु तटाबाहेर वेढ्याचे मोर्चे चढत असताना साक्षीदाराची सही राहिली तर नाही ना हे पाहणाराही तोच होता.

खते मोहोरबंद करण्याची पद्धत अशी की पपायरसाची गुंडाळी दोरीने बांधावी, दोरीवर ओल्या मातीची गोळी दाबावी आणि तीवर मोहोर उमटवावी. १९८२ साली यिगाल शिलो यांना यरुशलेमेच्या प्राचीन दाविदनगरात, बाबेलच्या फौजेने पुढे केलेल्या विध्वंसाच्या राखेच्या थरात, अशा एक्कावन्न गोळ्या मिळाल्या. पपायरस सगळा जळून गेला होता. पण त्याच आगीने कच्ची माती भाजून पक्की झाली आणि म्हणूनच ठसे वाचता आले. त्यांपैकी एकावर ‘शाफानाचा पुत्र गमर्या’ असे नाव आहे: पट जाळू नये म्हणून राजाजवळ रदबदली करणारा तो कारभारी हाच असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात.

आता या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. खत बारूखाच्या हाती गेल्यावर यिर्मया प्रार्थनेला बसतो, आणि ती प्रार्थना हळूहळू तक्रारीकडे वळते. सृष्टीची उत्पत्ती, मिसर देशातून सुटका, असा मोठा इतिहास आळवून झाल्यावर तो अखेर मुद्द्यावर येतो: मोर्चे तटाला भिडले आहेत, तलवार, दुष्काळ आणि मरी यांनी शहर घेरले आहे, आणि अशा वेळी तू मला शेत विकत घे म्हणतोस! म्हणजे शंका त्याला होतीच. पण तिचा क्रम पाहावा: रुपे आधी मोजले गेले, शंका मागाहून बोलली गेली. आपण सामान्य माणसे मन निःशंक होईतो काम तहकूब ठेवतो, आणि मन तर निःशंक होत नाही. यिर्मयाने मनाला काम अडविण्याचा अधिकार दिला नाही, तसेच कामाला मनाचे तोंड बांधण्याचाही दिला नाही. जन्मदिवसाला शाप देणारी त्याची वचने याच ग्रंथात आहेत, आणि ग्रंथकर्त्यांनी ती गाळली नाहीत.

याच वेढ्यातला हौदाचा प्रसंग थोडक्यात सांगतो. या ग्रंथातील प्रकरणे कालक्रमाने लावलेली नसल्यामुळे तो खरेदीच्या आधीचा की नंतरचा याचा काथ्याकूट नको. सैन्याचा धीर खचवितो या सबबीवर सरदारांनी त्याला पाणी आटलेल्या, गाळाने भरलेल्या हौदात दोरांनी सोडले. त्याला वर काढले ते कोणा भाऊबंदाने नव्हे, तर एबद-मलेख या राजवाड्यातील कूशी, म्हणजे परदेशी, सेवकाने. या गृहस्थाने राजाची परवानगी मिळविली, माणसे घेतली, आणि दोर सोडण्यापूर्वी भांडाराखालून जुनी फाटकी वस्त्रे आणली. काखेला दोर काचू नये म्हणून त्या चिंध्या काखेखाली घाल, असे त्याने वरून सांगितले. राजाच्या हुकुमात चिंध्यांचा उल्लेख नाही; ती त्याची स्वतःची जाणीव.

नगर पडले, जळाले. बाबेलच्या सेनापतीने यिर्मयाला बाबेलास मानाने येण्याची मुभा दिली असता त्याने उरलेल्या गोरगरिबांत राहणे पसंत केले. तेथला सुभेदार गदल्या याचा लवकरच खून झाला, आणि बाबेलच्या सूडाच्या भीतीने पळालेल्या लोकांनी यिर्मयाला त्याच्या सल्ल्याविरुद्ध मिसरात, तहपन्हेसास नेले. तेथे आकाशराणीला धूप जाळण्याचे आम्ही सोडले तेव्हापासूनच आमचे वाईट झाले, असे तेथल्या स्त्रीपुरुषांनी त्याला रोखठोक सुनावले. त्या वादानंतर त्याचा मागमूस लागत नाही. अनाथोथच्या शेताचा उल्लेख पुन्हा कोठेही येत नाही. मात्र बाबेलहून परतलेल्यांची जी यादी एज्राच्या ग्रंथात दिली आहे, तीत अनाथोथचे पुरुष एकशे अठ्ठावीस आहेत.

पुढील लेखांकात आपण बाबेलातील खबार कालव्याच्या काठी जाऊ. त्या देशी नेलेल्या यहज्केल याजकाने निर्वासनाच्या वर्षांचा हिशेब कसा मांडला, आणि यहोयाखीन राजाला बाबेलच्या कोठारातून मिळणाऱ्या तेलाची नोंद असलेल्या मृत्तिकापट्टिका काय सांगतात, हा त्या लेखांकाचा विषय राहील.