पाणी राखायचे की हवा घ्यायची?

महामार्गाच्या दुभाजकावर कण्हेर लावतात ती केवळ फुलांसाठी नव्हे. दोन्ही बाजूंना तापलेले डांबर, गाड्यांचा धूर आणि टँकर आला तरच पाणी, अशा जागीही ती भर मे महिन्यात हिरवीगार असते. पाने विषारी असल्याने जनावरे तिला तोंड लावत नाहीत, ही आणखी एक सोय. पण उन्हाळ्यात तग धरण्याचे खरे श्रेय तिच्या पानांच्या रचनेला जाते.

पान कोणतेही असो, त्याच्यापुढचा पेच एकच. अन्न तयार करण्यासाठी हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा, तर पर्णरंध्रे उघडावी लागतात आणि ती उघडली की आतली ओल बाहेर पडते. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक पाणी असे वाफ होऊन उडून जाते. वायू मिळवताना पाणी किती गमवायचे, हे ज्या त्या जागेवर ठरते आणि पानाची घडणही त्याप्रमाणे बदलते.

कण्हेरीच्या पानाचा आडवा छेद वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकात हटकून घ्यावा लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली सर्वांत वर मेणचट पदार्थाचा जाड थर दिसतो. त्याखालची बाह्यत्वचा नेहमीसारखी एकपदरी नसून अनेकपदरी असते. वरच्या बाजूला रंध्र एकही नाही. खालच्या बाजूला जागोजागी खळगे आहेत आणि सगळी रंध्रे त्या खळग्यांच्या आत, दाट केसांच्या आडोशाला. खोल कोनाड्यातल्या दिव्याला वारा लागत नाही, तशी ही रंध्रे झळांपासून वाचतात. खळग्यातली दमट हवा तिथेच अडकून राहते, त्यामुळे पानातून वाफ निघण्याचा वेग मंदावतो.

माळरानावरच्या फड्या निवडुंगाने याहून टोकाचा मार्ग धरला. त्याची पाने काटे झाली आणि अन्न तयार करण्याचे काम हिरव्या, चपट्या खोडाकडे गेले. शिवाय त्याची रंध्रे उघडतात ती रात्री, हवा गार असताना. तेव्हा घेतलेला कार्बन डायऑक्साइड तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा रंध्रे मिटून वापरतो. पाणी वाचते, पण वाढ रेंगाळते.

कमळाची अडचण उलटी. पाणी हवे तेवढे, पण पानाची खालची बाजू पाण्याला टेकलेली. म्हणून रंध्रे वरच्या बाजूला. मुळे आणि कंद रुतलेले असतात त्या चिखलात प्राणवायू जवळपास नसतोच. तो पानांतून, पोकळ देठांमधून खाली पोहोचतो. भाजीसाठी कमळकाकडी चिरली की चकतीत दिसणारी भोके म्हणजे याच हवेच्या वाटा. वरच्या रंध्रांवर पाणी साचून चालणार नाही, म्हणून पानावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे आणि त्यांवर मेणाच्या सूक्ष्म नळ्या असतात. थेंब पसरत नाही. गोळी होऊन घरंगळतो आणि जाताना धूळही घेऊन जातो. जर्मनीतले विल्हेल्म बार्थलॉट आणि ख्रिस्टोफ नाइनहाइस यांनी १९९७ साली या गुणाची नीट उकल केली आणि पुढे त्यावरून धूळ न धरणारे रंग निघाले.

कोकणच्या खाड्यांत तिवराच्या भोवती पाणीच पाणी, पण खारे. बरेचसे मीठ मुळांशीच अडते. आत शिरलेले पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकले जाते. कोरड्या दिवशी पानावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात. खालची बाजू पांढुरक्या लवेने झाकलेली असते, कारण मीठ गाळून मिळवलेले पाणी उधळून भागत नाही.

असा फरक एकाच झाडावरही सापडतो. डेरेदार आंब्याच्या शेंड्याची, उन्हातली पाने आकाराने लहान आणि जाड, तर आतल्या सावलीतली पातळ, पसरट असतात. बी एक, मूळ एक. पान मात्र उमलताना मिळालेल्या उजेडाप्रमाणे घडते.

बदलत्या हवेचीही पानावर नोंद होते. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ इयान वुडवर्ड यांनी केंब्रिजच्या वनस्पतिसंग्रहातली आठ जातींची जुनी, वाळवलेली पाने तपासून १९८७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: सुमारे दोनशे वर्षांत रंध्रांची दाटी ४० टक्क्यांच्या आसपास घटली होती. कारखानदारीनंतर हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला, तेव्हा कमी रंध्रांतही गरज भागू लागली. पाणी वाचते, हे खरे. पण वाफ कमी निघाली की पानाला मिळणारा गारवाही घटतो. अशी जुनी पाने मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियममध्येही जपलेली आहेत. सह्याद्रीतल्या झाडांनी याच काळात कोणता हिशेब मांडला, हे तपासायचे तर सुरुवात तिथून करता येईल.