गंगापूर रोड: कॉटवरची वस्ती

नाशिकचा गंगापूर रोड म्हटला की बंगले, कॅफे आणि जागांचे चढे भाव आठवतात; पण हा रस्ता बाहेरून शिकायला आलेल्यांचाही आहे. १९१४ साली स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाचं उदोजी मराठा बोर्डिंग इथलंच. खेड्यातल्या मुलाला शिकवायचं तर आधी त्याच्या राहण्या-जेवणाची सोय हवी, हा बोर्डिंगमागचा साधा हिशेब. आज केटीएचएम कॉलेजच्या आसपास तोच हिशेब कॉट बेसिसवर चालतो: खोलीत तीन-चार कॉट, दोरीवर टॉवेल, दारात मेसचा डबा.

ही पोरं चार वर्षांत जाणार, त्यांना रहिवासी कसलं म्हणायचं, असा आक्षेप असतो. पण पोरगं गेलं तरी कॉट रिकामी राहत नाही. सुरगाणा, पेठ, कळवणकडचं नवं कोणीतरी जून-जुलैत हजर होतं. मेसवाल्या मावशी, झेरॉक्सवाला, पोह्यांची गाडी यांचा संसार याच वर्दळीवर चालतो. रात्रीच्या गोंगाटाची तक्रार खोटी नाही. बाइकांचा तर वैताग येतोच. त्यावर सोसायटीने वेळेचे नियम जरूर लावावेत. सरसकट ‘बॅचलरना जागा नाही’ ही पाटी मात्र पटत नाही, कारण नाशिकची पोरंही पुण्या-मुंबईत याच पाटीपाशी अडखळतात. शिवाय नुकसानीची भीती असेल, तर डिपॉझिट आधीच घरमालकाच्या हातात असतं.